जाळीमागच्या एकोणीस तारा

गाडीतला एसी नेमका कसा चालतो हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही अर्धंच कळलंय. माझी समजूत अशी होती, की पेट्रोल जसं जळून संपतं तसा एसीचा गॅसही वापरून संपत असणार. संपला की भरायचा. स्वयंपाकघरातला सिलिंडर नाही का आपण बदलत? या समजुतीपायी मी त्या उन्हाळ्यात तीन वेळा गॅस भरला, आणि तिन्ही वेळा तो कुठे गेला ते मला कळलं नाही.

एरवी मी काचा खाली करून गाडी चालवली असती. घाम आला असता, पुसला असता. पण गाडीत सासरे असायचे.

सासरे बाळकुमचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांच्या भातशेतीवर आता बावीस मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर ते एकटे राहतात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. जमिनीला भाव यायच्या आधीची तीस वर्षं सासऱ्यांनी मिठागरात काढली, भर उन्हात, गुडघाभर खाऱ्या पाण्यात. या जानेवारीत त्यांच्या किडन्यांनी काम थांबवलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार. ठाण्यात रात्रीचीच पाळी मिळत होती. कल्याणला आमच्या घराजवळच्या एका ट्रस्टच्या केंद्रात दुपारची मिळाली.

आता कोणीही म्हणेल, मग त्यांनी कल्याणला लेकीकडे राहायला यावं. तिथेच तर गोम होती. एकवीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा मी साताऱ्याकडचा, दुसऱ्या जातीचा आणि डोंबिवलीच्या एका कंपनीत स्टोअर्सला कामाला होतो. सासऱ्यांनी मुलीला एकदाच सांगितलं होतं, "तुज्या उंबऱ्याव पाय ठेवाचा नाय." आणि माणूस शब्दाचा पक्का. पुढे राग निवळला असावा, नक्की मला कधीच कळलं नाही. कारण ते खाडीतलं ताजं जिताडं कागदात गुंडाळून कल्याणपर्यंत यायचे, आमच्या वॉचमनकडे ठेवायचे आणि खालच्या खाली परत जायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. मी समोर बसलेलो असलो तरी मुलीला म्हणायचे, त्याला सांग पंखा कमी कर.

तर कंपनीने मला स्वेच्छेने घरी पाठवलेलं असल्यामुळे ही ने-आण माझ्याकडे आली. बायको शाळेत शिकवते, शनिवारी तिला अर्धा दिवस असतो, त्या दिवशी ती केंद्रात बाबांजवळ बसायची. बाकी मी. सकाळी कल्याणहून बाळकुम, बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडून, भिवंडीच्या गोदामांच्या ट्रकांमधून वाट काढत कोन, मग दुर्गाडीचा पूल आणि कल्याण. संध्याकाळी हेच उलट, आणि त्यांना सोडून परत मी एकटा. गाडीत आम्ही दोघंच, निरोप पोचवायला मुलगी नाही, त्यामुळे सासऱ्यांनी हवेशी बोलायची पद्धत काढली. पुढच्या काचेकडे बघत म्हणायचे, "काच लावली तं बरा व्हईल." मी काच लावायचो. असे चार महिने आम्ही दोघं हवेमार्फत बोललो.

एसी पहिल्यांदा गरम झाला एप्रिलच्या सुरुवातीला. कल्याणच्या मेकॅनिकने गॅस भरला, दोन आठवडे गाडी थंडगार. मग पुन्हा गरम. त्याने पुन्हा भरला, वर म्हणाला, मागचा गॅस हलका होता, हा कंपनीचा आहे. तो आठ दिवस टिकला. तिसऱ्यांदा माजिवड्याच्या एका चकाचक गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने टॅबवर काहीतरी बघून सांगितलं, कूलिंग कॉइल गेलीय, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, चार दिवस गाडी ठेवा. चार दिवस ठेवली तर दोन डायलिसिसना त्यांना कोण नेणार? मी तात्पुरता गॅस भरून घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर एकाने कॉम्प्रेसर सांगितला, एकाने रबरी रिंगा, एकाने सल्ला दिला की गाडीच विका. मी सगळ्यांचं ऐकलं आणि डोक्याचा पार भुगा झाला.

या तिन्ही वेळी एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. गाडीच्या तोंडाशी, नंबरप्लेटच्या वरच्या जाळीला, लिंबू-मिरची बांधलेली असायची. कल्याणच्या मेकॅनिकने पुढून वाकून बघायला सुरुवात केली, लिंबू दिसल्यावर छातीला हात लावला आणि बाजूला होऊन बॉनेटमधूनच काय ते बघितलं. माजिवड्याचा मुलगा टॅबवाला असला तरी त्यानेही लिंबाला वळसा घातला. दुसऱ्याचं लिंबू कोणी काढत नाही. आपल्याकडे इंजिन उघडतात, लिंबाला हात लावत नाहीत.

आणि मीही लावला नव्हता, कारण मला वाटायचं ते बायकोचं आहे.

मेअखेरचा तो गुरुवार मी विसरणार नाही. डायलिसिस करून निघालो आणि अंजूरफाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकलो. पुढे काही हलेना. एसीतून भट्टीसारखी हवा यायला लागली, काचा खाली केल्या तर डिझेलचा धूर. सासऱ्यांच्या अंगातलं पाणी मशीनने नुकतंच काढलेलं, वर दिवसाला मोजकंच पाणी प्यायची मुभा. त्यांनी मोजलेल्या घोटांपैकी शेवटचा घेतला. थोड्या वेळाने त्यांचं डोकं काचेवर टेकलं आणि हात मांडीवरून घसरला. मी हाक मारली, उत्तर नाही. मला वाटलं, गेले. माझ्या शेजारी, माझ्या गाडीत, मी गॅस नीट भरून घेतला नाही म्हणून गेले. रस्त्याकडेच्या चहावाल्याने ओला फडका आणून दिला, मी सीट मागे पाडली, त्यांचे पाय वर उचलून धरले. दहा मिनिटांनी डोळे उघडले त्यांनी.

बाळकुमला उतरताना ते हवेला म्हणाले, "शनवारपासून मी नाय येवाचा. बस झाला."

डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या तर छातीत पाणी भरेल. म्हणजे न येण्याचा अर्थ काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या संध्याकाळी बायकोने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "नाय" म्हणून त्यांनी ठेवून दिला. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर एकदा एप्रिलमध्ये केली होती. त्यांना उलटी झाली, ड्रायव्हर भर रस्त्यात त्यांना नको ते बोलला. तेव्हापासून परक्या गाडीत पाय ठेवत नव्हते. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून रडली, आणि मी शनिवारच्या आत गाडी थंड करायचं ठरवलं. कशी, ते ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी कोनच्या रस्त्यावर एका गॅरेजसमोर मासळीच्या थंड गाड्या उभ्या दिसल्या. म्हटलं, ज्याला मासळी टिकवता येते त्याला सासरेही टिकवता येतील. मालक साठीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने पहिला प्रश्न विचारला, गॅस कितव्यांदा भरताय? मी म्हटलं, चौथ्यांदा. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

"गॅस संपत नसतो, साहेब," तो म्हणाला. "तो आतल्या आत गोल फिरतो. कमी झाला म्हणजे बाहेर गेला. आधी भोक शोधायचं, भरायचं मग."

बावन्न वर्षांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग तो गाडीच्या पुढे उकिडवा बसला, लिंबू बघितलं आणि उठून उभा राहिला. हे तुम्ही काढा, म्हणाला, आम्ही हात लावत नाही. मी काढायला गेलो तर ते दोऱ्याने नव्हे, लोखंडी तारेने बांधलेलं. तार जाळीतून आत जाऊन कुठेतरी मागे पीळ देऊन आवळलेली. शेवटी पक्कड मागून घेतली आणि तोडली. लिंबू कुठे टाकायचं तेही मला कळेना, म्हणून ते खिशात ठेवलं.

त्याने पुढचा बंपर उतरवला. आत गाडीच्या रुंदीएवढी पातळ, बारीक पापुद्र्यांची जाळी होती, गॅस गार करणारा कंडेन्सर तो हाच. त्याने नळीत नायट्रोजन भरला आणि साबणाचं पाणी फवारलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. जाळीच्या मधोमध, जिथे धूळ तेलकट होऊन काळी पडली होती, तिथे एक बुडबुडा आला. फुटला. त्याच जागी दुसरा आला. दोन महिने ज्याच्यासाठी मी गावभर फिरलो ते हे, मोहरीएवढंसुद्धा नसलेलं भोक.

आणि त्या भोकाभोवती तारा होत्या. एक नाही, झुबका. तो एकेक सोडवून वर्तमानपत्रावर ठेवत गेला आणि मी मोजत गेलो. आत्ता तोडलेली धरून एकोणीस. कोणीतरी दर वेळी वाळलेलं लिंबू काढून टाकलं होतं, तार तशीच ठेवली होती आणि नव्या लिंबासाठी नवी तार आत खुपसली होती. खड्डा आला की टोकं जाळीवर घासायची, वरून लिंबाचा रस ठिबकायचा. मेकॅनिक हसला नाही. तारेचा पीळ बोटांनी चाचपून एवढंच म्हणाला, की बांधणाऱ्याने सुटू नये म्हणून जीव लावून बांधलंय.

माझं डोकं फिरलं. तिथूनच बायकोला फोन लावला. मधली सुट्टी होती तिची. मी म्हटलं, तुझ्या लिंबांनी तुझ्या बापाला मारलं असतं काल. ती म्हणाली, "माझी लिंबं? मला वाटलं तू बांधतोस."

तिला वाटत होतं, नोकरी गेल्यापासून मी मनातून खचलोय, दुर्गाडीच्या सिग्नलला कोणाकडून तरी घेत असेन, कशाला टोकायचं. मला वाटत होतं, बाबांच्या आजारपणाने ती धास्तावलीय, केंद्रात बसते तेव्हा खाली येऊन बांधत असेल, कशाला दुखवायचं. आम्ही दोघंही असल्या गोष्टी न मानणारे. चार महिने दोघांनी एकमेकांची श्रद्धा सांभाळली, आणि ती दोघांपैकी कोणाचीच नव्हती. मला हसू आलं नाही, तिलाही नाही. मग बांधतंय कोण? वॉचमनला विचारलं, तर तो आपल्यावर आळ घेतला म्हणून रुसला.

संध्याकाळपर्यंत नवा कंडेन्सर आला. बसवला, रबरी रिंगा बदलल्या, मग पंप लावून आतली सगळी हवा ओढून काढली आणि अर्धा तास नुसतं दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही. मग त्याने गॅस वजनकाट्यावर तोलून भरला. हाताला गार झोत लागला. तारांची पुडी मागून घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही.

घरी कॅलेंडर काढलं. डायलिसिस संक्रांतीनंतर सुरू झालं, तेव्हापासूनचे शनिवार मोजले. एकोणीस. पण शनिवारी गाडी सकाळी आमच्या खाली, दुपारी केंद्राबाहेर, मधल्या वेळात रस्त्यावर. केंद्रातला शिपाई? कोणी रुग्ण? आम्ही दोघं बराच वेळ नावं घेत बसलो आणि एकाच माणसाचं नाव दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी बाळकुमला पोचलो तेव्हा सासरे बनियनवर खिडकीत बसले होते. कपडे केलेले नव्हते. मीही त्यांचीच पद्धत धरली आणि खिडकीबाहेर बघून म्हणालो, एसी दुरुस्त झालाय, गाडी गार आहे. मग ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला. "आजचे दिवस. मंग बगू," असं भिंतीला सांगून ते नेहमीसारखे आधी खाली निघाले. मी मागे राहून गॅसचा खटका बघायचा, फाइल आणि चादर घ्यायची, कुलूप लावायचं, ही आमची रोजची रीत.

खटका बघायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर टोपलीत चार लिंबं होती, बाजूला देठासकट मिरच्या, आणि तारेचं वेटोळं. फ्रीजवर त्यांच्या पथ्याचा कागद चिकटवलेला, त्यात लिंबापुढे काट. मी चार महिने आठवड्यातून तीनदा त्या ओट्याशी उभा राहत होतो. फक्त खटका बघत होतो.

मग एकदम नवा कंडेन्सर आठवला. लिफ्ट खालीच होती. मी चार मजले जिन्याने धावत उतरलो. सासरे गाडीसमोर वाकले होते. सुयांनी टणक झालेला डावा हात बॉनेटवर टेकलेला, उजव्या हाताने तार जाळीत सरकवत होते. मी ओरडलो, "बाबा, थांबा."

ते तसेच थांबले. मला इतका दम लागला होता की बोलता येईना. मी खाली वाकून जाळीतून बोट दाखवलं आणि सांगितलं, की आत गॅसची नाजूक जाळी आहे, तार तिच्यावर घासते, तिला भोक पडलं होतं, तिथूनच सगळी थंडी निघून जात होती. ओरडायचं म्हणून मी शुक्रवारपासून वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

त्यांना लगेच समजलं. मिठागराच्या बांधाला पडलेलं भोक ज्याने जन्मभर बुजवलं, त्याला भोकाबद्दल जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी हातातल्या तारेकडे बघितलं. "म्हंजे मीच केला ता," ते म्हणाले.

कशाला बांधत होता, असं मी विचारलं. रागाने नाही, मला खरंच कळत नव्हतं. त्यांचा जीव मशीनवर, त्याला गाडीच्या तोंडाशी टांगलेल्या लिंबाचा काय उपयोग?

ते उठले, बॉनेटला धरून. आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून माझ्याशी बोलले.

"मना सोरून तू एकलाच परत जातस. त्या ट्रकांच्या रस्त्यानी."

बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि सोसायटीच्या गेटवर सकाळी साडेदहाला जावई सासऱ्यासमोर रडतोय हे दोघांनाही जमलं नसतं. मी डिकी उघडली, सुतळी शोधली. गाडीच्या मागे, खाली, ओढायचा हूक असतो, तिथे आत काही नाही. तार मी खिशात घातली, मिरच्या धरून उभा राहिलो आणि त्यांनी सुतळीची गाठ मारली, मिठाच्या गोणीला मारायचे तशी. मी न मानणारा माणूस, आणि गाठ नीट बसली का म्हणून ओढून बघितली.

परतीच्या वाटेवर अंजूरफाट्याला पुन्हा तीच रांग. गाडी गार होती. सासरे तोंड उघडं टाकून झोपले, घशातून बारीक आवाज येत होता, आणि मी दर दोन मिनिटांनी त्यांची छाती हलतेय ना ते बघत होतो. बाळकुमला उतरल्यावर ते नेहमीसारखे सरळ आत गेले नाहीत. मागे जाऊन गाठ बघून आले. मग काचेशी वाकले.

"पोचलास का फोन कर."

एकवीस वर्षांत आम्ही एकमेकांना फोन केला नव्हता. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो मी तिथे उभ्या उभ्या लिहून घेतला. कशेळीच्या पुलावरून जाताना खिशातली तार मांडीला टोचत होती. काढून ठेवायचं सुचलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. चपला न काढता दारातच फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"पोचलो," मी म्हटलं.

"बरा."

मला वाटलं फोन ठेवला. मग पलीकडून आवाज आला, "मंगलवारी मी खालीच उबा रेतंय. तू वर येव नको. दम लागतं तुला."

बायको हात पुसत बाहेर आली. बाबा काय म्हणाले, तिने विचारलं. मी म्हटलं, मंगळवारी येतायत.